इंजिन थंड चालतंय म्हणून खूश होऊ नका

प्रश्न : माझ्याकडे १९ वर्षं जुनी पेट्रोल पिकअप आहे. २.४ लिटरचं इंजिन, पाच गिअर, मीटरवर २ लाख ६० हजार किलोमीटर. लिटरला १० आरामात द्यायची, गेल्या वर्षभरात घसरत घसरत साडेसातवर आलीय. प्लग बदलले, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, शेवटी टाकीतला फ्युएल पंपसुद्धा नवीन टाकला. फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल आणि घरचे म्हणतात विकून टाका. तशी गाडीची बाकी काही तक्रार नाही. धूर नाही, ऑइल अजिबात कमी होत नाही, उलट लेव्हल खुणेच्या वरच असते. हायवेला टेंपरेचरचा काटा पावाच्याही खाली राहतो, म्हणजे इंजिन मस्त थंड चालतंय. दीड वर्षापूर्वी टायर थोडे मोठे टाकले, २१५/७५ आर १५ होते त्याजागी २३५/७५ आर १५, तेवढाच काय तो बदल. काय करू?

उत्तर :

दादा, पहिलं म्हणजे इंजिन उघडू नका. निदान अजून तरी नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि गंमत अशी की तक्रार म्हणून जे लिहिलंय त्यात मला फारसं काही सापडलं नाही, पण "बाकी काही तक्रार नाही" म्हणून शेवटी जे उरकून टाकलंय तिथेच माझी गाडी अडली. काटा खाली राहतो म्हणून तुम्ही खूश, ऑइल कमी होत नाही म्हणून खूश. आणि मला वाटतंय तुमचं पेट्रोल बहुतेक तिकडूनच चाललंय. पण हे वाचून लगेच थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, आणायला पळू नका हां, कारण मग परत तेच होणार जे वर्षभर चाललंय, कोणीतरी एक पार्ट सांगितला की तो बदलायचा, फरक नाही पडला की पुढचा. आधी मोजू, मग काय बदलायचं ते बघू.

साडेसात हा आकडा कसा काढला ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेट्रोलच्या काट्यावरून काढला असेल तर तो विसरून जा, एवढ्या जुन्या गाडीत टाकीतला फ्लोट आणि त्याचा सेंडर घासून घासून काहीही दाखवतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वर आणखी थोडं थोडं दाबून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव राहीपर्यंत चालवा, मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर, गाडी त्याच बाजूला उभी करून परत पहिल्या कटपर्यंत भरा. किती लिटर बसलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहून ठेवा. असं सलग तीन वेळा करा. आणि शेवटी तीन टाक्यांची तीन ॲव्हरेज काढून त्यांची परत सरासरी काढत बसू नका, सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. एका टाकीवर कधीच विश्वास ठेवू नका. पेट्रोल १० डिग्रीला जवळपास एक टक्का फुगतं, नोझल थोडं लवकर-उशिरा कट होतं, एखादा दिवस नुसता ट्रॅफिकमध्ये जातो, आणि एवढ्या सगळ्यात अर्धा-पाऊण किलोमीटर इकडचा तिकडे सहज होतो.

आता टायर. "थोडे मोठे" म्हणालात ते कागदावर मांडून बघू. जुन्या टायरची उंची येते साधारण ७०३ मिलिमीटर आणि नव्याची ७३३. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी आता चार टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर बिचारं फेऱ्याच मोजतं, त्याला काय माहीत तुम्ही चाकं बदललीत. मीटरवर ३०० झाले की खरे ३१३ झालेले असतात. म्हणजे तुमचं साडेसात हे खरं ७.८ आहे! बसल्या जागी थोडं ॲव्हरेज वाढवून दिलं बघा. अर्थात मोठा टायर जड असतो, रुंद असतो, गिअरिंग बदलतं, त्यामुळे शहरात चालू-बंद चालू-बंद करताना तो थोडं जास्त पेट्रोल खातोच. फोनवरच्या जीपीएसने एकदा ५० किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा, फरकाचा आकडा कायमचा कळेल आणि यापुढे ॲव्हरेज काढताना तो धरून चला. हवेचं पण बघा, नव्या साइजला जुनंच प्रेशर भरत असाल तर ते बरोबर आहे की नाही एकदा टायरवाल्याला विचारा, गाडीवर वजन किती टाकता त्यावर ते ठरतं. पण हवेकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. एक पीएसआय कमी झालं की सरासरी ०.२ टक्के ॲव्हरेज जातं, म्हणजे चारही टायर १० पीएसआयने बसलेले असले तरी जाणार दोन टक्के. टायर मात्र कडेने खाल्ले जातील ते वेगळंच.

आणखी एक जमाखर्च इथेच करून टाकू. मधल्या काळात तुमच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलंय का बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे १० टक्के मिसळलं की तीन-साडेतीन टक्के आणि २० टक्के मिसळलं की सात टक्क्यांच्या आसपास हिशेबानेच जातं, त्यात कुठल्या मेकॅनिकचा दोष नाही आणि कुठला पार्ट बदलून ते परत येणार नाही. जुन्या गाडीच्या रबरी पाइपांवरही त्याचा परिणाम होतो, तर खाली वाकून पाइप तडकलेत का, कुठे ओल आहे का, बंद गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो का हे आजच बघा. गळती असेल तर ॲव्हरेज राहू दे बाजूला, आधी ते बंद करा, आग लागायला वेळ लागत नाही.

तर १० चे ७.८, म्हणजे २२ टक्के. त्यातून इथेनॉलचे गेले असतील तेवढे काढा. उरलं ते खरं दुखणं, आणि ते लहान नाहीये. आता प्रश्न एवढाच की इंजिन जास्त पितंय की गाडीला कोणीतरी मागे धरून ठेवलंय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुमचे आत्तापर्यंतचे सगळे पैसे फक्त पहिल्यावर गेलेत.

मागे धरून ठेवण्याचं आधी सांगतो कारण ते बघायला फुकट आहे आणि माझा स्वतःचा हात त्यात पोळलाय. माझी जुनी पिकअप अशीच प्यायला लागली होती. मी ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करायला लावणारा, बदलला, फरक नाही, मग कोणीतरी म्हणालं सेन्सर चांगल्या कंपनीचा टाक, तर परत बदलला. चार महिने हेच. एका संध्याकाळी धो धो पावसातून घरी आलो, गाडी लावली आणि सहज मागे वळून बघितलं तर तीन चाकं ओली चिंब, रिमवरून पाणी टपकतंय, आणि पुढचं डावं चाक कोरडं ठणठणीत. रिमच्या भोकांतून बारीक वाफ निघत होती. तिथेच उभा राहून स्वतःला दोन शिव्या घातल्या. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला होता, बाहेरून अगदी नव्यासारखा दिसत होता. पेडल दाबलं की प्रेशर जोरात आत जायचं पण सोडल्यावर परत यायला वाट मिळायची नाही, म्हणजे ते चाक सतत थोडं ब्रेकमध्ये आणि मी सेन्सर बदलतोय. पाइप बदलला, विषय संपला.

तुम्ही पावसाची वाट बघू नका. दहा-पंधरा किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जा, शेवटी शेवटी ब्रेक कमीत कमी वापरा, गाडी हळूहळू मंदावत थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. जवळ न्या म्हणतोय, लावू नका, अडकलेला ब्रेक फोड येईल इतका तापतो. लांबून तापमान दाखवणारी गन कोणाकडे असेल तर उत्तम. पुढची दोन चाकं एकमेकांसारखी आणि मागची दोन एकमेकांसारखी असायला हवीत, एखादंच जास्त गरम लागलं तर तोच चोर. मग गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकवर उचलून खाली स्टँड देऊन ते चाक हाताने फिरवा. पॅडचा बारीक घासल्याचा आवाज चालतो, पण दोन्ही हातांनी जोर लावायला लागत असेल तर अडकलंय. तसंच अडकलेलं असताना ब्लीडिंगचं निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, किंचित सैल केलं आणि थोडं ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक झटकन मोकळं झालं तर प्रेशर अडकलेलं होतं, म्हणजे बहुतेक पाइप. नाही मोकळं झालं तर कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबून धरणाऱ्या भागाचा, पिस्टन किंवा त्याच्या स्लाइडच्या पिना गंजल्यात. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल बघा, पिकअपच्या खाली चिखल-पाणी खाऊन ती कव्हरच्या आत गंजते आणि लिव्हर खाली टाकला तरी मागचे लायनर अर्धवट धरलेलेच राहतात. चाक फिरवतानाच बेअरिंगचा घरघर आवाज येतो का तेही ऐका. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल आणि पुढच्या हबला हाताने फिरवायचे लॉक असतील तर ते फ्री वर आहेत ना बघा, मागच्या वेळी कोणीतरी चिखलातून काढताना लॉक केले आणि तसेच राहिले असं चिकार वेळा होतं. आणि क्लच, वरच्या गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय.

हे सगळं बघायला सुट्टीची एक सकाळ लागेल. चाकं मोकळी निघाली, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतंय ती निघतील, तर मग इंजिनाकडे येऊ.

तुमचा टेंपरेचरचा काटा. इंजिन जितकं थंड तितकं चांगलं असं बहुतेकांना वाटतं, पण पेट्रोल इंजिन गरम व्हायलाच बनवलेलं असतं, फक्त जास्त गरम नाही. इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते, त्यात मेणासारखा पदार्थ भरलेली एक गोळी असते. कूलंट थंड असताना झडप बंद, म्हणजे पाणी इंजिनातच फिरतं आणि पटकन गरम होतं. बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० डिग्रीच्या मध्ये कुठेतरी ते मेण वितळतं, फुगतं, झडप उघडतं आणि मग रेडिएटरचं काम सुरू होतं. ही झडप उघड्यावरच अडकली की रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिनाला गार करत बसतो. शहरात रेंगाळताना काटा कदाचित ठीक येईल पण हायवेला समोरून वारा लागला की खाली बसणार. तुम्ही अगदी हेच लिहिलंय. आणि दुसरी शक्यता, थर्मोस्टॅट आत नसेलच. कधीतरी गाडी गरम झाली असेल आणि कोणीतरी "कशाला हवाय तो" म्हणून काढून फेकला असेल, असले डॉक्टर जागोजागी आहेत.

याचा पेट्रोलशी काय संबंध, तर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या आठवा, सकाळी चोक ओढायचा, गाडी गरम झाली की चोक आत ढकलायचा. विसरलात तर गाडी धूर मारत पेट्रोल पीत जायची. इंजेक्शनच्या गाडीत चोकचं काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, करतो. इंजिन थंड आहे असं दिसलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. आणि इंजिन ठराविक गरम होईपर्यंत बऱ्याच जुन्या गाड्यांचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. तुमचं इंजिन जर कधी नीट गरमच होत नसेल तर तुम्ही वर्षभर थोडा चोक ओढूनच गाडी चालवताय असं समजा. त्यात थंड ऑइल जाड, घर्षण जास्त, ते वेगळं.

आता ऑइलची लेव्हल. २ लाख ६० हजार चाललेल्या इंजिनाने थोडं ऑइल खाणं मी समजू शकतो. अजिबात कमी होत नाही आणि लेव्हल उलट वर असते, हे वाचून मला आनंद नाही झाला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन पुरेसं गरम होत नसेल तर ते उडूनही जात नाही, तिथेच साठतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, नाकाशी धरा. पेट्रोलचा स्पष्ट वास आला, ऑइल बोटांत पाण्यासारखं पातळ लागलं, तर उत्तर मिळालं. मागच्या वेळी कोणी ऑइल जास्त ओतलेलं असू शकतं तेही खरं, म्हणून वास महत्त्वाचा. ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र ते पाण्याचं लक्षण, वेगळी भानगड, मग गाडी चालवू नका.

आणि तुम्ही बदललेले प्लग आता कामाला येतील बघा. ते टाकून काही हजार किलोमीटर झाले असतील, चारही काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीने मांडा. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर जळण बरोबर. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे असतील तर सगळ्या इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय. एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय किंवा तिथे ठिणगी नीट पडत नाही. नवीन प्लग टाकून फरक पडला नाही म्हणून ते वाया गेले असं समजत होतात ना, तोच आता तुमचा रिपोर्ट आहे.

थर्मोस्टॅट तपासायला गॅरेजला जायची गरज नाही. सकाळी गाडी थंड असताना चालू करा, रेडिएटरचा वरचा जाड होज पाइप हाताने धरून बघा, पंख्यापासून बाही आणि बोटं लांब ठेवून. चांगला थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकाएकी तापतो, हात काढून घ्यावा लागतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कोमट, मग हळूहळू आणखी कोमट असं होत गेलं तर तो उघडाच आहे किंवा नाहीच आहे. आतल्या हीटरची हवा गरम होते का तेही बघा.

पण आता खरी मेख. काटा ज्या सेन्सरवर चालतो तो आणि ईसीयू ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो, हे बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन वेगळे सेन्सर असतात, बहुतेक एकाला एक वायर आणि दुसऱ्याला दोन. म्हणजे असंही होऊ शकतं की थर्मोस्टॅट बदलला, काटा छान मधोमध आला, आणि ईसीयूला मात्र अजूनही इंजिन थंडच वाटतंय कारण त्याचा सेन्सर म्हातारा झालाय. म्हणून मी म्हटलं की पळू नका, आणि एकट्या थर्मोस्टॅटने २० टक्के जातीलच असंही नाही, त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी असू शकतं. स्कॅनर, म्हणजे ईसीयूला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र, लागणारी गाडी असेल तर काम सोपं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन, आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-चार डिग्रीचा फरक चालेल. १५-२० चा फरक असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मग गाडी चालवून कूलंट कुठपर्यंत चढतं ते बघा. स्कॅनरवर बिघाडाचा पी ०१२८ हा कोड असेल तर तो याच दुखण्याचा, इंजिन वेळेत गरम होत नाही. स्कॅनर लागत नसेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा, बहुतेक गाड्यांत २० डिग्रीला दोन ते तीन हजार ओहमच्या मध्ये आणि ८० डिग्रीला दोनशे ते चारशेच्या मध्ये येतो. गरम झालं की ओहम उतरतात. गरम इंजिनावरही हजारात आकडा दिसला तर तो सेन्सर गेला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का तेही बघा, गंजाने रेझिस्टन्स वाढतो आणि वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे ईसीयूच्या भाषेत थंडी.

स्कॅनर हातात आहेच तर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा पण बघून घ्या, ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय ते तो सांगतो. इंजिन गरम असताना शून्याच्या आसपास, फार तर दहा इकडे किंवा तिकडे असावा. उणे १५, उणे २० असेल तर कुठूनतरी फुकटचं पेट्रोल आत येतंय आणि ईसीयू ते कापायचा प्रयत्न करतोय. अशा वेळी मी सगळ्यात आधी फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा, बघतो, गाडीला इंजिनावर बसवलेला असेल तर. त्याला एक बारीक व्हॅक्यूमचा पाइप असतो, तो काढा आणि आत बघा. पाइपात पेट्रोलची ओल किंवा वास म्हणजे आतला पडदा फाटलाय, इंजिन तिथून गुपचूप पेट्रोल पितंय. दहा सेकंदांची तपासणी आहे आणि कोणी करत नाही. उलट आकडा अधिक १५-२० असेल तर ईसीयूला वाटतंय हवा जास्त आहे म्हणून तो पेट्रोल वाढवतोय, आणि त्यात एक फसवणूक असते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू बिचारा आणखी ओततो. सकाळी थंड गाडी चालू केली की मॅनिफोल्डजवळ, म्हणजे एक्झॉस्ट जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे, टिक टिक टिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, असं काही ऐकू येतं का बघा. ऑक्सिजन सेन्सर तुम्ही बदललेला नाही असं दिसतंय. तो मूळचाच असेल तर २ लाख ६० हजारला तो थकलेला असणार, गरम इंजिनावर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत झपाझप वरखाली व्हायला हवं, आळशासारखं एका जागी बसलं की बदलायचा. पण हे सगळं झाल्यावर. नाहीतर माझ्यासारखं होईल.

जे तुम्ही बदललंत त्याबद्दल राग येऊ नये म्हणून थोडक्यात. फ्युएल पंप कमजोर झाला तर गाडी ओढत नाही, गुदमरते, पेट्रोल जास्त पीत नाही, त्यामुळे ॲव्हरेजसाठी पंप बदलायला सांगणाऱ्याला मी दुसरा प्रश्न विचारला असता. आणि एअर फिल्टरचं म्हणाल तर अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून चाचण्या घेतल्या होत्या, इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीत मात्र पडला. इंजेक्शनची गाडी हवा मोजून पेट्रोल सोडते, हवा कमी तर पेट्रोल कमी. फिल्टर बदलायचा तो इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

इंजिन उघडायचं कधी? कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती प्रेशर तयार करतो ते मोजणं, झाल्याशिवाय कधीच नाही. गाडी गरम, चारही प्लग काढून, पेट्रोल आणि इग्निशन बंद करून, प्लगच्या भोकात प्रेशरचं मीटर लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि चारही आकडे लिहायचे. चारही एकमेकांच्या जवळ, म्हणजे सगळ्यात कमी हा सगळ्यात जास्तच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत, आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेत असतील तर मेकॅनिकला नमस्कार करून परत या. धूर नाही, ओढायला नीट, म्हणजे इंजिन पोटातून बरंच शाबूत असावं असा माझा अंदाज आहे.

चालवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी. उताराला न्यूट्रल टाकत असाल तर सोडा. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो, पेट्रोल जात नाही, न्यूट्रलमध्ये उलट आयडलला लागतं तेवढं जात राहतं, आणि उताराला इंजिनाचा ब्रेक गेला की जीवाशी खेळ. दुसरं, मागचा फाळका उघडा ठेवून चालवणारे भेटतात, हवा आरपार जाते म्हणे. बंद फाळक्याच्या आत हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते, उघडून काही मिळत नाही. त्यापेक्षा ८० ने चालवा, १०० ने नको, हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि पिकअपचं थोबाड काही हवेसाठी केलेलं नसतं.

तर क्रम असा धरा. आधी डिपस्टिकचा वास आणि सकाळचा होज पाइप, ते उद्याच होईल. मग चाकं, मग प्लग, मग स्कॅनर. हे चालू असताना टाक्यांचा हिशेब सुरू ठेवा म्हणजे आधीचा आणि नंतरचा आकडा हातात राहील. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या आणि फरक पडला तर कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

थर्मोस्टॅटच निघाला तर कंपनीने दिलेल्या तापमानाचाच आणा, "थंड"वाला कोणी गळ्यात मारेल तो घेऊ नका. बसवायच्या आधी एका पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवून तापवा, त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ तो उघडताना डोळ्यांनी दिसेल. जुना पण त्याच पाण्यात टाका, गार पाण्यातच त्याचं तोंड उघडं दिसलं तर मेकॅनिकला दाखवायला जपून ठेवा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, गॅस्केट नवीन. कूलंट भरताना हीटर फुलवर ठेवून सगळी हवा काढा आणि रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा. ऑइलला पेट्रोलचा वास होता तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पातळ ऑइलवर बेअरिंगं खराब करून घेऊ नका. आणि मग पहिल्यांदा हायवेला लागाल तेव्हा काटा चढत चढत मधोमध येऊन थांबेल. वर्षभर तो खाली बघायची सवय झालीय तुम्हाला, घाबरून गाडी बाजूला घेऊ नका, तो तिथेच असायला हवा.